पहिला सूर कोण देणार?

माझ्या बायकोने, मामोलेफेने, लेसोथोतल्या आमच्या गावाला जन्मभर गाणं शिकवलं. आमच्यात वाद्यं नसतात. पहिला सूर तीच द्यायची. ती गेल्यावर ते कुणालाच जमेना. आजही जमलं नाही, तर गायकवृंद मोडायचं ठरलं होतं.

"न्ताते, तुम्ही द्या," म्हातारी मालेराटो मला म्हणाली. न्ताते म्हणजे आमच्याकडे बाबा. "इतकी वर्षं बाईंच्या हातचं खाल्लंत, थोडा सूर अंगात उतरला असेल!"

"माझ्या आवाजाने मेंढ्या पळतात."

सगळे हसले, आणि एकदम सुरात गाऊ लागले.

गाणं संपल्यावर मालेराटोने टाळ्या वाजवल्या. "अगदी बाईंच्या आवाजात दिलात की!"

"अगं, मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"नाटकं पुरे. पुढच्या गाण्याचा द्या."

मी हाताने तोंड घट्ट दाबून धरलं. सूर आला. तो माझ्या तळहाताखाली थरथरत होता.