भिंतीवरचं तिसरं मूल

नीलकंठ पेंटरने आपल्या धाकट्या मुलीला भरदुपारी, झाशीच्या इलाइट चौराह्यावर, सगळ्यांदेखत पुसून टाकलं. पण असं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. तोही तसंच धरून चालतो.

झालं ते एवढंच, की सरकारचा विचार बदलला. आधी भिंतीवर 'दो या तीन बच्चे बस' असं लिहायचं होतं आणि वर एक सुखी कुटुंब काढायचं होतं. सुखी कुटुंब कसं दिसतं याचा नमुना कुटुंब नियोजन खात्याने दिला नव्हता, तेव्हा नीलकंठने घरचंच काढलं. स्वतः, बायको अनुसूया, गजानन, अंबिका, आणि आईचं बोट धरून लीला. नाकं तेवढी जरा सरळ केली. माघात लीला तापाने गेली. वैशाखात नवा हुकूम आला, 'हम दो, हमारे दो'. म्हणजे नीलकंठचं घर सरकारच्या आधीच नियमात बसलं होतं.

"एक कम कर दीजिए, पेंटर साहब," खात्याचे मिश्राजी सायकलवरून न उतरता म्हणाले. "कोई भी."

"कोई भी?"

"छोटीवाली कर दो. चूना कम लगेगा."

मिश्राजींना काही ठाऊक नव्हतं. ते खात्याच्या चुन्याचा विचार करत होते.

अनुसूया डबा घेऊन आली, तेव्हा नीलकंठ बादलीतला चुना ढवळत होता. तो केव्हाच ढवळून झाला होता. माघापासून ती बडा बाजारात जायलासुद्धा या भिंतीवरूनच जायची, वाट उलटी पडली तरी.

हुकूम ऐकून ती म्हणाली, "गजाननला पुसा. तो घरी आहे. मला रोज दिसतो."

"परवाच मित्रांना दाखवत होता गं, हा मी म्हणून."

"मग मला पुसा."

"मग 'हम दो' कसं होणार?"

याचं उत्तर सरकारकडेही नव्हतं. डबा फुटपाथवर ठेवून ती म्हणाली, "पायांकडून सुरू करा. डोळ्यांत चुना गेला तर..."

त्याने पायांकडून सुरू केलं. ओला चुना काही झाकत नाही, वाळेल तसा पांढरा होतो. त्यामुळे पुसून झाल्यावरही लीला तिथेच होती, जरा धुक्यात उभी असल्यासारखी. दोघं फुटपाथवर बसली. डबा उघडला नाही. ऊन वैशाखातलं. आधी पाय गेले, मग फ्रॉकवरची फुलं.

चुना गळ्यापर्यंत वाळत आला तशी अनुसूया उठली. भिंतीजवळ गेली आणि पदर दोन्ही हातांनी ताणून तिने लीलाच्या तोंडावर सावली धरली. येणारे-जाणारे बघत होते. कुणी म्हणालं, "पोस्टर लग रहा होगा."

सावलीतही चुना वाळतोच. थोडा उशिरा.

संध्याकाळी मिश्राजी तपासायला आले. "बढ़िया. " मग चित्रातल्या आईचा रिकामा हात दाखवत, "पर ये माताजी हाथ ऐसे क्यों बढ़ाए हैं? थैला पकड़ा दीजिए. सुखी परिवार है, सब्ज़ी लाएगा."

"जी," नीलकंठ म्हणाला.

थैला त्याने काढला नाही. बारीक कुंचला घेऊन तो खाली बसला आणि पेंटरचं नाव येतं त्या कोपऱ्यात मराठीत लिहू लागला. झाशीत ही भाषा त्याच्या घरात आणि अशाच मोजक्या घरांत चालायची, कुठल्याही कचेरीत नाही.

"क्या लिख रहे हैं?"

"पता है, साहब. दुकान का."

मिश्राजींनी घंटी वाजवली आणि ते गेले. अनुसूयाने वाकून वाचलं:

'सरकारास नम्र विनंती. पुन्हा तीनचा निर्णय झाल्यास खाली सही करणाऱ्यास त्वरित कळविण्यात यावे. जागा राखून ठेवली आहे.'