कागदोपत्री परगावचा

"तुम्ही तर मोंटानाचे दिसता," तिकीटखिडकीतली बाई संगणकाकडे बघत म्हणाली. "ही तिकिटं फक्त मिलवॉकीकरांसाठी आहेत."

रँडी गापिन्स्कीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा अख्खा जन्म मिलवॉकीच्या दक्षिण भागात गेला होता. शेजारी चाकांच्या खुर्चीत त्याचे वडील, क्लेमेंस, गुडघ्यांवर घोंगडी ओढून बसले होते. घरच्या मैदानावरचा बेसबॉलच्या हंगामातला पहिला सामना, तोही शेजारच्या शिकागोशी. शिकागोवाले गाड्या भरभरून येतात आणि सगळ्या खुर्च्या बळकावतात, म्हणून यंदा क्लबाने तिकिटं गावकऱ्यांपुरती ठेवली होती. म्हाताऱ्याचं हृदय थकलं होतं. हा उन्हाळा निघेल, त्यापुढचं काही डॉक्टर बोलत नव्हते. मला एकदा मैदानात ने, एवढंच म्हाताऱ्याने पोराकडे मागितलं होतं.

आता हे मोंटानाचं लचांड आलं कुठून, तर टीव्हीपायी. संघाचे सामने दाखवायचे हक्क इथल्या एका चॅनलने विकत घेतले. मग त्याचं आणि केबलवाल्यांचं पैशांवरून फाटलं, आणि चॅनल घराघरातून गायब झालं. बरं, इंटरनेटवर पैसे भरून बघावं, तर तिथे साऱ्या देशाला सामना दिसतो, फक्त मिलवॉकीत दिसत नाही. का, तर गावातले हक्क त्या चॅनलकडे. म्हणजे मैदानातला आरडाओरडा ज्यांच्या अंगणात ऐकू येतो, त्यांनीच तेवढं हाताची घडी घालून बसायचं. डोकं फिरेल नाही तर काय होईल माणसाचं?

गावातले पुष्कळ लोक करतात तेच शेवटी गेल्या हंगामात रँडीने केलं. हजार मैलांवरच्या मोंटानातल्या बहिणीचा पत्ता सामन्यांच्या इंटरनेटवरच्या खात्याला लावला, बँकेच्या कार्डावरही तोच घातला. मेहुण्याने घरच्या इंटरनेटमध्ये काहीतरी खटपट करून दिली. तेव्हापासून म्हातारा रोज संध्याकाळी टीव्हीपुढे. जेवण तिथे, औषधं तिथे, पंचाला शिव्याही तिथूनच. सामने दिसतात कसे, हे त्याने विचारलं नाही आणि रँडीने सांगितलं नाही. या संध्याकाळीच म्हाताऱ्याला जगवतायत, असं त्याला मनापासून वाटायचं. तिकिटं काढायलाही तेच खातं लागतं, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

काय लपवायचं आता? त्याने खिडकीतल्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांचं नाव लोइस. त्या हसल्याच. आमच्या ह्यांनी तर अलास्काचा पत्ता लावलाय, म्हणाल्या. गाडीचा परवाना दाखवा, पत्ता बदलते आणि दोन तिकिटं देते. पण पत्ता इथला झाला की टीव्हीवरचे सामने त्याच घटकेला बंद होतील, आणि खिडकीवर बदललेला पत्ता पुन्हा बाहेरगावचा होत नाही, हेही त्यांनी बजावलं.

रँडीने कपाळावर हात मारला. एका दुपारसाठी म्हाताऱ्याच्या उन्हाळाभरच्या संध्याकाळी घालवायच्या? आणि नाही घालवल्या, तर त्याचं एवढं एक मागणंही पुरं करायचं नाही? चॅनलवाले, केबलवाले, क्लबवाले, सगळ्यांना त्याने मनातल्या मनात लाखोली वाहिली. मागे रांग कुरकुरत होती. त्याने काढलेला परवाना पुन्हा पाकिटात सरकवला.

"चला बाबा," तो म्हणाला. "घरीच बघू. घरी ऊब आहे, कॉफी आहे, आणि टीव्हीवर चेंडू जास्त नीट दिसतो."

म्हातारा हलला नाही. त्याने हात लांब करून खुर्चीचं चाक धरून ठेवलं.

"म्हणजे इतके दिवस मी मोंटानाचा होतो?" त्याने विचारलं.

"फक्त कागदोपत्री, बाबा. तुम्हाला सामने दिसावेत म्हणून."

म्हाताऱ्याने मैदानाच्या फाटकाकडे पाहिलं. मग त्याने पोराच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, परवाना ओढून बाहेर काढला आणि खिडकीत सरकवला.

"बदला पत्ता, बाई," तो म्हणाला. "उन्हाळाभर मी रेडिओ ऐकेन. पण मोंटानात मरणार नाही."