परातीएवढी

"ती बघा, ती! परातीएवढी!" वृंदाने गच्चीच्या कठड्यावरून बोट दाखवलं.

वर्गातल्या मुलींनी माना उंच केल्या. भवानीपूरच्या गच्च्यांवर शेगड्यांचा संध्याकाळचा धूर तरंगत होता.

"कुठे गं?" प्रतिभाने विचारलं. "नेहमीचंच तर आहे सगळं."

"अगं, समोर तर लटकलीय! तांबूस, गोल! काठ कसे थरथरतायत!"

मुली एकमेकींकडे बघून हसल्या.

नागपूरहून वडिलांची इकडे बंगालमध्ये बदली झाली, तेव्हापासून वृंदा वर्गात मुकीच होती. बंगाली बोलायला गेली की अडखळायची. गेल्या आठवड्यात तिने उडती तबकडी पाहिल्याचं सांगितलं, आणि सगळा वर्ग तिच्याभोवती! आता ते सगळं जाणार होतं.

"थापाडी!" जयंतदादा म्हणाला. "उद्यापासून शाळेत हेच नाव."

वृंदाने बोट खाली घेतलं.

"मीही पाहिलीय," खुर्चीतून आजोबा म्हणाले. "परातीएवढीच आहे."

दादाचं हसू तिथेच थांबलं. दिगंबर आजोबा पत्त्यांच्या डावातसुद्धा खोटं बोलत नसत! मुली कुजबुजत, पुन्हा पुन्हा आकाशाकडे बघत जिना उतरल्या. दादा त्यांना पोचवायला गेला.

मग आजोबांनी आपला जाड भिंगांचा चष्मा खिशातून काढून वृंदाच्या नाकावर ठेवला.

"आता बघ."

तबकडी आक्रसली. आणखी आक्रसली. तिच्याखाली एक उंच बांबू उगवला. शेजारच्या घोषबाबूंच्या गच्चीवरचा! टोकाला इवलासा कंदील. पितरांना वाट दिसावी म्हणून इथे कार्तिकभर लावतात तो. वृंदाला आकाशकंदील माहीत होता तो दिवाळीतला, दाराशी टांगलेला. हा इतका उंच, अधांतरी!

मग नारळाची एकेक पाती दिसली. मग चांदण्या. सुट्या सुट्या, टोकदार! वृंदा तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

आणि एकदम रडकुंडीला आली.

"म्हणजे तबकडी नव्हतीच! माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, आजोबा?"

आजोबा चष्म्याशिवाय त्याच दिव्याकडे बघत होते.

"खोटं कशाला बोलू? तू सांगितलंस, त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चष्मा काढून बसतोय इथे. ती काय, आत्ताही आहे. परातीएवढी!"