गाडीत बसलेली बहीण

मूकपटाच्या पडद्यावर थोरल्या बहिणीने धाकटीचा प्रियकर पळवला. मग अक्षरं उमटली आणि गास्पारेने ती मोठ्याने वाचून दाखवली. वाचता न येणाऱ्यांसाठी हे काम तो दर रविवारी करायचा. बाया डोळे पुसत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "वाच, वाच. तुला तर पाठच असेल." लोक हसले. मग त्याच्या दंडावरची दुखवट्याची काळी फीत बघून गप्प झाले.

गास्पारेची स्वतःची गोष्ट गावाला ठाऊक होती. तरुणपणी त्याने विंचेन्झाला मागणी घातली आणि तिच्या बापाने नकार दिला, तेव्हा दोघांनी पळून जायचं ठरवलं. मुलगी एक रात्र बाहेर राहिली की बापाला लग्न लावावंच लागतं. चर्चमागे अंधारात तो खेचरगाडी घेऊन उभा राहिला. शाल तोंडावर ओढून ती आली आणि न बोलता बसली. त्याच्या मावशीच्या घरी दिव्याच्या उजेडात शाल सरकली, तर ती विंचेन्झाची थोरली बहीण अस्सुंता. तिचं लग्न नोतो गावच्या एका शिक्षकाशी ठरलेलं होतं. असं का केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला तुम्ही हवे होता."

उजाडेपर्यंत गावभर झालं होतं. लग्न लागलं. पुढची वीस वर्षं गास्पारे तिच्याशी कामापुरतंच बोलला. गेल्या महिन्यात ती तापाने गेली. आता घर खायला उठायचं, आणि त्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं.

खेळ सुटला, माणसं पांगली. विंचेन्झा डाळीचं भांडं घेऊन आली. दुखवट्याच्या घरी शेजारपाजारचे आठवडाभर जेवण देतात. हिचं महिना झाला तरी चालू होतं. ती अजून एकटीच होती. आपल्यासाठीच, असं गास्पारे धरून चालला होता.

"दुखवट्याचं वर्ष सरलं की माझ्या घरी ये," तो म्हणाला. "तिने जे केलं ते तिच्याबरोबर गेलं. मी तिला माफ केलंय."

विंचेन्झा बाकावर बसली. भांडं मांडीवरच राहिलं.

"तिने शपथ घातली होती, म्हणून गप्प राहिले," ती म्हणाली. "मी येणारच नव्हते. माझं मनच नव्हतं तुमच्यात. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिला पाठवलं. तेवढं सांगून ती परत यायची होती. नंतर मला म्हणाली, 'नवे बूट घालून उभे होते गं. तुझ्यासाठी गाडीत उशी ठेवली होती. माझ्याच्याने सांगवेना.'"