पहिली गाठ

"पहिली गाठ पलीकडं, मग आपल्याकडं. आन् दोरी तुटली की त्याच दिवशी नवी बांधायची. एवढं पाळशील ना, सविता?"

दगडाबाईंना, तिच्या सासूबाईंना, जाऊन दीड वर्ष झालं. पण तो आवाज सविताच्या कानात तसाच होता. मांडवगणच्या शिवारात ओढ्याच्या अलीकडे सविताचा आंबा, पलीकडे थोरल्या जावेचा, धुरपदाचा. मध्ये बारमाही पाणी. दोन्ही झाडांवर तांबड्या मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी, आणि त्यांच्या येण्याजाण्यासाठी पाण्यावरून ताणलेली काथ्याची दोरी. ह्या मुंग्या झाडावर असल्या की मोहोराला कीड लागत नाही. सविताने तुळशीपुढे हात जोडून "व्हय, आत्याबाई" म्हटलं होतं.

तो शब्द दसऱ्याला मोडला. सोनं द्यायला आलेली धुरपदा चारचौघींत हसत म्हणाली, "आत्याबाई राहिल्या हिच्यात, भाकरी खाल्ली हिची, पर दोरीची पहिली गाठ कायम आमच्याच झाडाला! जीव कुणावर हुता ते दिसतंय की."

बायका हसल्या. सविता मोठ्याने बोलणारी नव्हती. आत्याबाईंचं शेवटचं दुखणं तिने काढलं होतं, आणि ती गाठ तिलाही वर्षानुवर्षं सलत होती. ती घरी आली, विळा घेतला आणि ओढ्यावर जाऊन दोरी कापली. घरटी तिच्याच झाडावर जास्त. म्हणजे मुंग्या आपल्या. आता बघू पलीकडचा मोहोर कोण राखतं.

नेम मात्र तिने चुकवला नाही. सकाळी तुळशीला पाणी, मग आंब्याच्या बुंध्याशी चिमूटभर साखर, त्यानंतरच चहा.

माघात एका सकाळी साखर घालता घालता ती थबकली. खालच्या फांदीवर मुंग्यांनी दोन पानं ओढून जवळ आणली होती. एकीच्या कमरेला दुसरी, दुसरीच्या कमरेला तिसरी, अशी साखळी धरून त्या ताणून उभ्या होत्या. कालही हीच पानं होती, परवाही हीच. वरची जुनी घरटी वाळून भुरी पडली होती आणि मोहोरावर तुडतुडे बसले होते.

सून अपेक्षा दुधाची किटली घेऊन येत होती. तीही वाकून बघू लागली. "आई, ह्या नुसत्या धरूनच बसल्यात की. शिवत का न्हाईत?"

"धागा पिल्लाच्या तोंडातनं निघतो, बाई. मोठी मुंगी पांढरं पिल्लू तोंडात धरती आन् सुईवाणी ह्या पानावरनं त्या पानावर फिरवती."

"मग पिल्लू कुठंय?"

सविताने एक वाळलेलं घरटं अलगद उकललं. मुंग्या बोटांना डसल्या, तरी तिने हात मागे घेतला नाही. आत पांढरं काहीच नव्हतं.

तिने ओढ्यापलीकडे पाहिलं. धुरपदाच्या आंब्यावर हिरवीगार घरटी होती, आणि त्यांची नवी रेशमी शिवण उन्हात चकाकत होती.

"राणी तिकडं हाय," ती हळूच म्हणाली. "पिल्लं तिकडनंच यायची, दोरीवरनं, मुंग्यांच्या तोंडात."

"आजींना ठावं हुतं?"

सविता आपल्या आंब्याकडे वळली. फांदीवरच्या मुंग्या अजून पानं धरून उभ्या होत्या. ती गोठ्यात गेली, खुंटीवरची नवी दोरी काढली, खांद्यावर टाकली. साखरेची वाटी तिने अपेक्षाच्या हातात दिली.

"आई, अहो, चहा? आन् मोठ्या आई टोमणा मारतील बघा. म्हणतील, आली का शेवटी आमच्याच झाडापाशी!"

"मारू दे की. आत्याबाईबी आधी तिथंच जायच्या की." सविता म्हणाली. "तिथं गाठ पडल्याबिगर आपलं झाड जगायचं न्हाई, म्हणून जायच्या."

आणि डसलेली बोटं पदराला पुसत ती ओढ्याच्या फरशीवरच्या पाण्यातून पलीकडे निघाली.