नामसाधर्म्य

पाचव्यांदा फोन केला तरी चेन्नईच्या अमेरिकन कौन्सुलेटमधून उत्तर तेच आलं. जादा तपासणी चालू आहे, वाट पाहा. नामदेवराव पवारांनी रिसीव्हर ठेवला आणि झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरले.

हैदराबादच्या दिलसुखनगरला कॉम्प्युटर क्लासच्या खाली त्यांचं दुकान होतं. वरची पोरं व्हिसाच्या कागदांच्या प्रती इथूनच काढून न्यायची आणि दोन महिन्यांत अमेरिकेला पोचायची. नामदेवराव मुलाखत देऊन आले त्याला चार महिने झाले होते. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्याला वर्ष होत आलं होतं आणि आता नावं कुठल्याशा चाळणीतून जात होती, एवढं त्यांना पोरांकडून कळलं होतं.

जायचं होतं लेकीकडे. योगिनी एकुलती एक, तिला आई नाही. दोनदा दिवस राहिले, पण गर्भ टिकला नव्हता. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलू नकोस म्हणून बजावलं. बाळंतपणाला बाबांनीच यायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. नामदेवरावांनी डिंक आणि अळीव आणून ठेवले, स्वेटर घेतला. मग चिठ्ठी आली, तपासणी बाकी असल्याची.

सातव्या महिन्यातच मुलगा झाला. जावयानं फोनवर सांगितलं की बाळ सव्वा किलोचं आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, काही सांगता येत नाही. नामदेवराव ‘बरं’ म्हणाले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या नोट्स त्यांनी नीट पिना मारून दिल्या. त्यांना रडू आलं नाही. अलीकडे त्यांना काही जाणवतच नव्हतं, भूकसुद्धा.

पुढच्या आठवड्यात कौन्सुलेटनं पोलिसांचा दाखला मागितला आणि अडचण काय आहे ते कळलं. फरारींच्या जुन्या यादीत एक नामदेव पवार होता. त्र्याहत्तर साली सेलूजवळच्या एका जिनिंग कारखान्यात संप चालू असताना भर दुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. आत वॉचमन होता, तो जळून मेला. आग लावणारा हा हंगामी मजूर त्याच दिवशी पळाला. त्याच्या बापाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, फोटोही नव्हता.

ठाण्यातला सब-इन्स्पेक्टर मुरली भला माणूस होता. त्याची बहीण डलासला होती, व्हिसाचा हा सगळा त्रास त्यालाही माहीत होता. “अंकल, ये नाम तो हर गाँव में चार मिलते,” तो म्हणाला. त्यानं शाळेचा दाखला विचारला. नामदेवराव शाळेत गेलेच नव्हते, लिहायला-वाचायला हैदराबादेत आल्यावर शिकले. गाव विचारलं तर त्यांनी सांगितलं की आईबाप लहानपणीच गेले, गावात आता कुणी नाही. सेलू पाहिलंय का, यावर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

शेजारच्यांनी सह्या दिल्या. वरच्या क्लासच्या सरांनी इंग्रजीत चांगल्या वर्तणुकीचं पत्र लिहिलं. कागदांची थप्पी वाढली, तपासणी चालूच राहिली. योगिनी फोनवर आता कधी येणार असं विचारत नसे. बाळाचं वजन सांगायची आणि फोन ठेवायची.

शेवटी मुरलीनंच मार्ग काढला. त्या वॉचमनची बायको चतुराबाई जिवंत होती. आग लावणाऱ्याला तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दहा वर्षांपासून ती मुलाजवळ हैदराबादेतच, विद्यानगरला राहत होती. तिनं एकदा बघून नाही म्हटलं की दाखला त्याच दिवशी निघेल, असं मुरली म्हणाला. नामदेवरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ठाण्यात जाऊन बाकावर बसले.

चतुराबाईला मुलानं रिक्षातून आणलं. सत्तरीकडे झुकलेली, नऊवारीतली बाई. तिला खुर्ची दिली. मुलगा बाहेर थांबला. मुरलीनं सगळी हकीकत तिला सांगितली. नातू पेटीत आहे, लेक एकटी आहे, हेही सांगितलं. मग नामदेवरावांना खिडकीजवळ उजेडात उभं केलं.

ती बराच वेळ बघत राहिली. उठून जवळ आली आणि चष्मा पुसून परत बघितलं. नामदेवराव सरळ उभे होते. हात मांड्यांना चिकटवलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

“न्हाई,” ती म्हणाली. “ह्यो नव्हं.”

मुरलीच्या चेहऱ्यावर हसू आलं. पक्कं ना, म्हणून त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं. त्यानं जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. साहेबांची सही झाली की आजच फॅक्स करतो, म्हणत तो कागद घेऊन आतल्या खोलीत गेला.

खोलीत दोघंच उरली. नामदेवरावांना बसावं की उभं राहावं ते कळेना. त्यांनी हात जोडले. चतुराबाई पदरानं अंगठ्याची शाई पुसत होती.

“पोर जगंल का?” तिनं विचारलं.

“काल दीड किलो भरला,” ते म्हणाले.

तिनं मान हलवली. बाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“आमच्या माणसाला नातवाचं तोंड बघाया मिळालं न्हाई. तू जा, बघून ये. माघारी आलास की मी पोलिसांना खरं सांगीन.”

नामदेवराव वाकले. तीस वर्षांनी त्यांनी तिच्या पायांना हात लावला.

“येतो, वहिनी,” ते म्हणाले.