सगळं अपडेट झालं

रुग्णालयाचे संगणक सांभाळणारा तो तळघरात बसे आणि त्याचे वडील वरच्या मजल्यावर खाटेला खिळलेले होते. त्यांच्या घशातली नळी कफाने तुंबली की खालच्या सर्व्हरमार्फत नर्सच्या टेबलावर घंटा वाजे आणि ती धावत येऊन नळी साफ करी. उशाशी बसलेली आई रोज त्याच्यापाशी कुरकुरायची, "अरे, डोळा लागतो न लागतो तोच हजर होते ती. घटकाभर झोपू देत नाही माणसाला. तुझं ऐकतात ना इथे? मग सांग की कुणाला तरी."

तो हसण्यावारी नेई. त्याच्यामागे तुंबलेल्या अपडेटचा ससेमिरा होता.

त्या दुपारी त्याने सर्व्हरवरची सगळी सॉफ्टवेअर पॅकेजेस एकदाची अपडेट करायला घेतली. दुसऱ्या सिस्टीमवरून आणून कुणीतरी ठोकूनठाकून इथे बसवलेला एक जुना प्रोग्राम नव्यांशी जुळत नव्हता. संगणकाने नावानिशी, रीतसर विचारलं, "हा काढून टाकू?" पेशंटचे नातेवाईक रुग्णालयाच्या कागदांवर जितकं वाचून सही करतात, तितकंच वाचून त्याने होकाराचं बटण दाबलं. सगळं सुरळीत पार पडलं. कामाचा डोंगर हलल्याच्या आनंदात त्याने निवांत चहा घेतला.

तेवढ्यात वरून आईचा फोन आला.

"बोललास वाटतं त्यांच्याशी? गुणाचं रे माझं लेकरू. मघापासून एकदाही कुणी फिरकलं नाही, आणि बाबा बघ, कसे गाढ झोपलेत."